रानवाट, घुंगुरकाठी आणि बंदूक

आपल्याकडील जुन्या प्रवासाविषयीं जें लिहिलें गेलें आहे त्यांत देवळें, घाट, धर्मशाळा, नदीचे उतार, शिध्याचे भाव आणि चोरांची भीति यांची नोंद पुष्कळ सांपडते; परंतु चालणाऱ्या माणसाच्या हातांत काय होतें, ही नोंद बहुधा सांपडत नाहीं. विष्णुभट गोडसे यांचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. तें पायीं हिंडलेल्या माणसाचें पुस्तक आहे. तरी त्यांतली भीति मुख्यतः माणसांची आहे, शिपायांची व लुटारूंची. श्वापदांचें भय त्या काळच्या वाटसरूंस नव्हतें असें नव्हे. तें इतकें नित्याचें होतें, आणि त्यावरची तोडही इतकी ठरून गेलेली होती, कीं कागदावर उतरविण्याजोगें त्यांत कोणास कांहीं वाटलें नसावें. जी गोष्ट सर्वांना ठाऊक असते ती लिहून ठेवण्याचे श्रम कोणी घेत नाहीं, आणि मग शंभर वर्षांनीं ती कोणासच ठाऊक राहत नाहीं.

या प्रश्नाचा विचार करावयास सह्याद्रीच्या कड्यांपेक्षां किंवा चांद्याच्या अरण्यापेक्षां पालमसारखा मुलूख मला अधिक सोयीचा वाटतो. परभणी जिल्ह्याच्या दक्षिण अंगास हा तालुका आहे. उत्तरेस गोदावरी, पश्चिमेस जनाबाईचें गंगाखेड, पूर्वेकडे नांदेड जिल्ह्यांतील लोहें, आणि दक्षिणेकडे बालाघाटाच्या उतरत्या टेकड्या. जमीन काळी, मधूनमधून मुरमाड माळ. लेंडी नदी पावसाळ्यांत फुगली म्हणजे पलीकडच्या गांवांचा पालमशीं संबंध तुटतो. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता, १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. येथें निबिड अरण्य नाहीं. म्हणूनच येथला वाटसरू म्हणजे हौसेनें रान तुडविणारा नव्हे; तो दिंडीबरोबर पंढरीस निघालेला वारकरी, मेंढरांमागचा धनगर, बाजाराची पाटी डोक्यावर घेतलेली बाई, रात्रीं पाणी द्यावयास शेतावर निघालेला कुणबी. त्याचें भय वाघाचें कमी. लांडगा, तरस, रानडुक्कर, एखादे वेळीं बिबट्या यांचें अधिक, आणि सर्वांत अधिक पायाखालच्या सापाचें. अशा माणसानें स्वतःच्या रक्षणास काय निवडावें, आणि आजवर त्यानें काय निवडलें, हा येथला विषय आहे.

वाटेवरच्या श्वापदांचा बंदोबस्त हें सरकारचें काम होय, ही कल्पना इंग्रजांनीं आणली असें कित्येकांस वाटतें. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचा तिसरा अध्याय पाहिला म्हणजे हा समज टिकत नाहीं. अग्नि, पूर, रोग, दुष्काळ, उंदीर, हिंस्र पशु, साप आणि राक्षस अशीं आठ संकटें तेथें मोजलीं असून प्रत्येकावर उपाय सांगितला आहे. हिंस्र पशूंचा उपद्रव झाल्यास जनावरांच्या प्रेतांत मादक विष घालून तीं रानांत टाकावीं, पारध्यांनीं सांपळे व खड्डे करावे, चिलखत घातलेल्या शस्त्रधाऱ्यांनीं श्वापदावर चालून जावें, हें सर्व अपेक्षेप्रमाणेंच आहे. मला विशेष वाटतें तें त्यापुढील एका लहानशा वाक्याचें. संकटांत सांपडलेल्याच्या मदतीस जो धांवणार नाहीं त्यास बारा पण दंड, आणि जो श्वापद मारील त्यास तेवढेंच बक्षीस. एकट्या माणसाच्या हातांत कोणतें शस्त्र असावें याचा विचार शास्त्रकारानें केलेला नाहीं. त्यानें विचार केला आहे तो ओरड ऐकूं जाईल इतक्या अंतरावरच्या दुसऱ्या माणसाचा.

धांवून जाण्याची ही गोष्ट दगडांतही कोरलेली आहे. दक्षिणेंत गांवोगांव जे वीरगळ आढळतात त्यांतील बहुतेक लढाईंत किंवा गाई सोडवितांना पडलेल्यांचे आहेत. पण वाघाशीं अगर डुकराशीं झुंजतां झुंजतां मेलेल्यांचेही आहेत. कर्नाटकांतील आतकूरचा शिलालेख यांत विलक्षण म्हणावा लागेल. तो इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळचा. त्यांत काळी नांवाच्या कुत्र्याची हकीकत आहे. हा कुत्रा रानडुकराशीं झुंजला, दोघेही मेले, आणि कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभारून त्याच्या पूजेअर्चेसाठीं जमीन लावून देण्यांत आली. आजचा मराठवाडा तेव्हां याच राष्ट्रकूटांच्या छत्राखालीं होता. माळावर मेंढ्यांचा वाडा पडतो तेथें रात्रीं गेलें असतां कुत्र्याचा तो मान कां, हें निराळें सांगावें लागत नाहीं. धनगराच्या हातांत काठी असते, खांद्यावर कुऱ्हाड असते. पण लांडगा आला आहे हें त्याला सांगणारें शस्त्र यांपैकीं एकही नव्हे.

रेल्वे येण्यापूर्वीं या मुलखांतलें धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून जाई व तें नेणारे लमाण असत. त्यांच्या तांड्याची रात्रीची मांडणी पाहिली तर ती एक लहानशी गढीच होती: गोण्या उतरून त्यांची एकावर एक भिंत रचावयाची, माणसें व जनावरें तिच्या आश्रयास, कुत्रीं बाहेर आणि भोंवतीं जाळ. दिवसा तांडा चाले तेव्हां अघाडीस एक मानाचा बैल असे. त्याला हटाडिया म्हणत. त्याच्या अंगावर तांबडें वस्त्र व गळ्यांत घंटा-घुंगुर बांधीत. त्याच्यावर ओझें घालीत नसत, त्याला देव मानीत, दुखणेकरी त्याच्या पायांशीं आणून ठेवीत. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं छापलेल्या ग्रंथांत हें वर्णन आहे. त्याच्या देवपणाविषयीं वाद नको. परंतु त्या घंटेचा व्यवहार साधा होता. शेंकडों बैलांचा कळप येत आहे, ही वर्दी ती पुढच्या झाडींत पोंचवी. मनमाडाहून जालना, परभणी, नांदेड यांवरून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि तांडे एका पिढींत वाटेवरून उठले. त्यांची कुत्रीं, त्यांचे जाळ आणि तो घंटेचा बैल हीं सर्व त्यांच्याबरोबर गेलीं.

घुंगरांचें हें प्रकरण जरा विस्तारानें पाहण्यासारखें आहे. रानांतलें जनावर माणसावर धांवतें तें पुष्कळदां भक्ष्य म्हणून नव्हे, तर अचानक गांठ पडली म्हणून. झुडपाआड पिलें असलेली डुकरीण, शिकारीवर बसलेला बिबट्या, वाऱ्याच्या उलट बाजूनें आलेल्या माणसाचा वास न लागलेलें अस्वल, या सर्वांस पळण्याची सवड मिळाली तर तीं बहुधा पळतात. नरभक्षक झालेला पशु हा अपवाद, आणि अपवादावरून वाटेचा नियम बांधतां येत नाहीं. म्हणून आवाज करीत चालणें हेंच वाटसरूचें पहिलें संरक्षण झालें. सरकारी डाक नेणाऱ्या हरकाऱ्याच्या भाल्यास किंवा काठीस घुंगुर असत. कंपनीच्या काळच्या डाकेच्या वर्णनांतून त्याच्याबरोबर रात्रीं मशालजी धांवे आणि दाट रानाच्या टप्प्यांत डुगडुगी वाजविणारे असत असें दिसतें. निजामाच्या राज्याचें टपाल स्वतंत्र होतें. त्याचीं स्वतःचीं तिकिटें १८६९ पासून निघूं लागलीं. तेंही टपाल गांवोगांव पोंचे तें माणसाच्या पायांनींच. भाल्याचें टोंक त्या हरकाऱ्यानें आयुष्यांत कितीदां वापरलें असेल याची शंकाच आहे. भाल्याच्या दांड्यावरचे घुंगुर मात्र तो पावलागणिक वापरीत होता.

पण घुंगुरकाठी म्हटली म्हणजे मराठी माणसाला हरकाऱ्याआधीं दुसऱ्याच कोणाची आठवण झाली पाहिजे. ती महाराच्या हातांत होती. खांद्यावर घोंगडें, हातांत घुंगुरकाठी, मागें कुत्रें, हें वेसकराचें रूप जुन्या चित्रांत व लावण्यांत आलेलें आहे, आणि त्यावर रसिकतेनें लिहिणारेही झाले आहेत. त्या काठीचा अर्थ मात्र रसिकतेचा नाहीं. सरकारी माणूस गांवास आला, पाटील-देशमुख परगांवीं निघाला, वसूल घेऊन कोणास कसब्यास जावयाचें झालें, तर पुढें चालावयाचें तें महारानें. वाट दाखवावयाची, ओझें वाहावयाचें, पुढच्या गांवच्या शिवेवर तेथल्या महाराच्या स्वाधीन करून रात्रींअपरात्रीं एकट्यानेंच परत यावयाचें. जातांना साहेबाचें घोडें मागें होतें, हातांत पलिता होता. येतांना त्याच्याबरोबर कोण होतें? वाटेंत साप असला तर तो पहिल्या पावलाखालीं येतो, झुडपांत डुक्कर असलें तर तें पहिल्या माणसावर धांवतें. गांवगाड्याचे इतिहासकार बलुत्याचा हिशेब पेंढ्या आणि पायल्यांनीं करतात. पुढें चालणाऱ्याच्या देहाची किंमत त्या हिशेबांत कोठें धरली आहे, तें मला दिसलें नाहीं.

डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करण्यासाठीं बिल आणलें, तेव्हां त्यांचा मुख्य मुद्दा हाच होता कीं, महाराचें काम कोणतें आणि किती वेळ याला कांहीं मर्यादाच नाहीं. तें बिल पुढें मागें घ्यावें लागलें. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा झाला तो १९५८ सालीं. पालमचा मुलूख १९२८ सालीं निजामाकडे होता व तेथला कायदा वेगळा होता. वेठ मात्र वेगळी नव्हती. रानवाटेवर संरक्षणाचीं साधनें कोणतीं होतीं या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर द्यावयाचें तर काठी, जाळ, कुत्रें यांच्या यादींत हा पुढें चालणारा माणूसही घालावा लागतो.

आतां बंदुकीकडे वळूं. तोड्याची बंदूक दक्षिणेंत सोळाव्या शतकापासून आहे. परंतु ती किल्ल्याच्या तटावर जितकी उपयोगी तितकी वाटेवर नाहीं. तोडा पेटलेला ठेवावा लागे, पावसांत तो विझे, आणि एक बार झाल्यावर दुसऱ्याची तयारी होईपर्यंत वाघानें वाट पाहण्याचें कारण नव्हतें. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या हातीं आला तेव्हां ओसाड पडलेल्या गांवांत वाघांचा सुळसुळाट होता, व त्यांनीं शेंकडों माणसें आणि हजारों गुरें मारल्याचें सरकारी दप्तर सांगतें. तेथें भिल्ल पलटण उभी करणारा औट्राम व त्याचे सोबती यांनीं दहा वर्षांत मारलेल्या वाघांची संख्या शेंकड्यांनीं मोजली जाते. यानंतर बक्षिसांचें युग आलें. महेश रंगराजन यांनीं सरकारी आंकड्यांवरून केलेल्या हिशेबाप्रमाणें १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत सुमारें ८०,००० वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. सापांवरही बक्षीस होतें. रत्नागिरी जिल्ह्यांत १८६२ च्या डिसेंबरांत अवघ्या आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशीं मारून आणण्यांत आलीं. इतकें करूनही कोंकणांत फुरशीं आहेतच.

याच काळांत, १८७८ सालीं, हत्यारांचा कायदा झाला आणि ब्रिटिश मुलखांतल्या सामान्य माणसाला परवान्यावांचून बंदूक बाळगतां येईना. म्हणजे श्वापदें मारावीं म्हणून एका हातानें बक्षीस, आणि ज्याच्या शेतांत श्वापद येतें त्याच्या हातांतून दुसऱ्या हातानें बंदूक काढून घेणें. निजामाच्या राज्यांतही बंदूक ही उमराव व पाहुणे यांची वस्तु होती. लॉर्ड कर्झन आणि त्यांची पत्नी वरंगळजवळ मारलेल्या वाघाशेजारीं उभीं आहेत तो १९०२ चा फोटो पुष्कळांनीं पाहिला असेल. त्या चित्रांत जे नाहींत त्यांच्याकडे लक्ष द्यावें. वाघ बंदुकीपुढें आपण होऊन येत नसतो. त्याला हांकून आणण्यासाठीं आसपासच्या गांवांतले लोक डफ, डबे व काठ्या घेऊन रानांत घातलेले असतात. बंदूकवाला मचाणावर आणि हांकेवाला जमिनीवर. येथेंही पुन्हां पुढें चालणारा तोच.

बंदुकीनें वाटसरूचें रक्षण होतें कीं नाहीं, या प्रश्नाचें मोजूनमापून दिलेलें उत्तर आपल्या देशांत कोणीं शोधल्याचें माझ्या वाचनांत नाहीं; तें अलास्कांतून आलें आहे. तेथें रानांत पायीं हिंडण्याचा छंद मोठा आणि अस्वलेंही मोठीं. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८५ ते २००६ या काळांतील प्रसंग तपासतां तपकिरी अस्वलांच्या बाबतींत शंभरांपैकीं ९२ वेळां फवाऱ्यानें जनावर थांबलें, आणि अगदीं जवळून गांठ पडलेल्यांपैकीं शंभरांत ९८ माणसें निर्धोक सुटलीं. चार वर्षांनीं त्यांनीं बंदुकीच्या प्रसंगांचा निबंध लिहिला. १८८३ पासून २००९ पर्यंतचे २६९ प्रसंग घेतल्यावर निष्कर्ष असा निघाला कीं, बंदूक जवळ असून ती चालविणारे आणि न चालविणारे यांना झालेल्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक नाहीं. कारणें वाचतांना आपल्या तोड्याच्या बंदुकीची आठवण येते: वेळ न मिळणें, नेम चुकणें, हत्यार अडणें. अर्थात् हा फवारा अस्वलांवर पारखलेला आहे. तो विदर्भांतल्या अस्वलावर चालेल असें मानण्यास जागा आहे. बिबट्यावर किंवा धांवत्या डुकरावर तो तितकाच चालतो हें सिद्ध झालेलें नाहीं, आणि वारा तोंडावर असला तर तो ज्याचा त्यालाच भोंवतो. दुकानदार हें सांगत नाहींत.

साधन निवडतांना जनावराचा स्वभाव ओळखून निवडलें तर ओबडधोबड वस्तूही काम देते, याचें उत्तम उदाहरण सुंदरबनांतलें आहे. वाघ पाठीमागून येतो हें ओळखून तेथील वनखात्यानें १९८६ च्या सुमारास लांकूडतोडे व मधगोळे यांस डोक्याच्या मागील बाजूस माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधावयास दिला. आरंभीच्या काळांत मुखवटा बांधलेल्यांवर हल्ला झाला नाहीं. आपल्याकडे २०२५ च्या अखेरीस पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांतील पिंपरखेडच्या शेतकऱ्यांनीं बिबट्याच्या भयानें गळ्यांत खिळ्यांचे पट्टे घातले. बिबट्या मान धरतो, म्हणून मानेस खिळे. त्या पट्ट्यांचीं छायाचित्रें पाहून शहरांतल्या कांहीं लोकांस गंमत वाटली. थोड्या दिवसांच्या अंतरानें ज्या गांवानें आपलीं माणसें गमावलीं त्या गांवास ती गंमत नव्हती. याच टापूंत, जुन्नरास, २००१ पासून पुढें दोन-तीन वर्षें जो हाहाकार झाला त्याचा अभ्यास विद्या अत्रेय यांनीं केला आहे. पकडलेले बिबटे दुसऱ्या रानांत नेऊन सोडल्यानें हल्ले कमी न होतां वाढले, असें त्यांनीं दाखविलें. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें जिवावर बेतलें असतां सद्हेतूनें केलेला प्रतिकार गुन्हा मानलेला नाहीं. पण हा आधार कचेरींतला आहे, वाटेवरचा नव्हे.

सह्याद्रींत गडकिल्ले चढणाऱ्या तरुणांचीं पथकें आतां पुष्कळ झालीं आहेत. त्यांच्या पिशव्यांत सुऱ्या असतात, फवारे असतात. त्यांच्यापैकीं जे खरोखर संकटांत सांपडतात त्यांना बहुधा सांपडवितात त्या आग्या मोहोळाच्या माश्या, धुरानें, गोंगाटानें किंवा उग्र अत्तरानें चाळवलेल्या. घुंगुरकाठीचा नियम येथें उलटा लागतो: पोळ्याखालून जातांना बोलूं नये.

आणि पालमच्या काळ्या रानांत ज्या प्राण्यापासून खरोखर मरण येतें तो घंटा ऐकत नाहीं, मुखवट्यास भीत नाहीं आणि बंदुकीच्या टापूंत दिसत नाहीं. भारतांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें मेलीं, म्हणजे दरसाल सरासरी ५८,००० असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. वाघ, बिबटे, अस्वलें यांच्या सर्व बळींची बेरीज याच्या जवळपासही पोंचत नाहीं. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे ते चार. कालमेत यानें फ्रान्समध्यें १८९५ च्या सुमारास सर्पविषावरची लस तयार केली. मुंबईस १८९९ सालीं प्लेगसाठीं निघालेल्या व १९२५ पासून हाफकीन यांचें नांव घेतलेल्या संस्थेनें पुढें या चारही सापांवर चालणारी लस घोड्याच्या रक्तापासून बनविली. विंचवाचीही तीच कथा. मराठवाड्यांतल्याच, जालना जिल्ह्यांतील देहेड गांवीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं महाडास राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसीन हें औषध उपयोगी पडतें असें १९८६ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें मांडलें, पूर्वीं दवाखान्यांत आलेल्या गंभीर रोग्यांपैकीं शंभरांत तीसचाळीस मरत, ते प्रमाण पुढें अगदीं थोड्यावर आलें. लांडग्याविषयीं बोलावयाचें तर माळावरच्या माणसास शहाण्या लांडग्याहून पिसाळलेल्याचें भय अधिक. आणि १८८६ सालीं रशियांतील स्मोलेन्स्कचे १९ शेतकरी पिसाळलेल्या लांडग्यानें फाडलेल्या स्थितींत पॅरिसला पाश्चराकडे आले, त्यांतील १६ वांचले, तेव्हां या भयावरचा खरा उपायही कळला. भाला, बर्ची, बंदूक यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं या कुप्यांस शस्त्रागारांत जागा दिलेली नाहीं. मला तर हींच त्या दालनांतलीं सर्वांत मोठीं हत्यारें वाटतात. तीं एकट्यानें खरेदी करून खांद्यावर टाकतां येत नाहींत, एवढाच त्यांचा दोष. तीं वेळेवर मिळण्यासाठीं जवळ दवाखाना लागतो, तेथें शीतपेटी व ती चालू ठेवणारी वीज लागते, आणि रात्रीं दोन वाजतां जागा असलेला डॉक्टर लागतो. पूर आलेली लेंडी ओलांडून तेथवर कसें पोंचावयाचें, हा प्रश्नही त्यांतच आला.

विजेवरून आठवलें. शेताच्या पंपाला अनेक गांवीं आठवड्याचे कांहीं दिवस रात्रींच वीज मिळत आली आहे. सौर वाहिन्या टाकून ती दिवसा देण्याचें काम चालू आहे. जेथें तें पोंचलें नाहीं तेथें मध्यरात्रीं मोटार चालू करावयास शेतकऱ्याला जावें लागतें. गव्हाच्या किंवा उसाच्या सऱ्यांत पाणी सोडलें म्हणजे उंदीर बाहेर पडतात आणि उंदरांमागें साप. अशा माणसास गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, चांगली बॅटरी आणि पुढें आपटीत चालावयास एक काठी, इतकें पुरतें असें सर्पतज्ज्ञ सांगतात. बूट चिखलांत रुततात म्हणून तो ते घरीं ठेवतो, आणि अनवाणी जातो. बॅटरी मात्र आतां बहुतेकांजवळ असते. ती हातांतल्या फोनमध्येंच असते. मात्र त्याच फोनवर बोलत गेलें तर उजेड पायापुढें न पडतां कानामागें पडतो. चोवीस तास वीज देतां येत नसेल तर दिवसाची द्या, अशी मागणी शेतकरी वर्षानुवर्षें करीत आहेत. त्या मागणीस कोणीं वन्यप्राण्यांपासून संरक्षणाची मागणी असें नांव दिलेलें नाहीं.

एवढ्यांत वाघही या बाजूस फिरकूं लागला आहे. यवतमाळ जिल्ह्यांतल्या टिपेश्वर अभयारण्याचा एक वाघ २०१९ सालीं निघून हिंगोली जिल्ह्यांतून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. त्याच्या गळ्यांतल्या यंत्रावरून त्याची एकंदर वाट तीन हजार किलोमीटरांची भरली. पुढें २०२४ च्या डिसेंबरांत धाराशिव जिल्ह्याच्या येडशी रामलिंग अभयारण्यांत कॅमेऱ्यानें एक वाघ टिपला, तोही टिपेश्वराचाच निघाला. त्यानें बार्शी-येडशीच्या टापूंत गुरें मारावयास सुरुवात केली आणि त्याला पकडण्यासाठीं दुरून पथकें बोलवावीं लागलीं. टिपेश्वर आणि येडशी यांमध्यें सरळ रेषेनें मोजलें तरी सुमारें तीनशें किलोमीटरांचें अंतर आहे. नकाशावर ती रेघ मारून पाहिली तर ती पालमच्या अगदीं जवळून जाते. वाघ रेघेवरून चालत नाहीं हें खरें. पण गोदावरी त्याला कोठें तरी ओलांडावी लागलीच असली पाहिजे, आणि तिच्या दोन्ही तीरांस ऊस आहे, त्या उसांत रात्रीं पाणी देणारीं माणसें आहेत. हातांत फोनचा उजेड व आपटावयास काठी घेतलेल्या किती जणांच्या बांधावरून तो गेला असेल, याची गणती कोणी करूं शकत नाहीं. त्यानें या वाटेंत एकाही माणसास मारल्याची वार्ता आली नाहीं.